काठ

कित्येक पावसाळे आधी

लाल पठारची विहीर एका गुरुवारी संध्याकाळी ढासळली, अशी बातमी होती. बातमीला तारीख लागते, म्हणून ती दिली गेली. पण विहिरीचं ढासळणं त्याच्या खूप आधी सुरू झालेलं असतं. हा घटनाक्रम तिथूनच सांगायला हवा.

गंज बासोदा हे मध्य प्रदेशातल्या विदिशा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, दगडी फरशांसाठी नावाजलेलं. विदिशाचं जुनं नाव भेलसा. हा सगळा मुलूख ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या ताब्यात होता, त्यामुळे मराठी कागदपत्रांना तो परका नाही. लाल पठार हे त्याच तालुक्यातलं खेडं, विदिशापासून सुमारे ५० किलोमीटरवर. तिथली विहीर साधारण ५० फूट खोल.

पन्नास फूट हा आकडा वाचताना काही वाटत नाही. ज्यांनी हातांनी विहीर खणलेली पाहिली आहे, त्यांना विचारावं. पाणाड्या जागा दाखवतो, नारळ फुटतो, आणि टिकाव-पहारीने काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या दगड असं एकेक थर उतरत जायचं. पुढे कातळ लागला की सुरुंग. माती घमेल्यांतून वर. एखादी विहीर एका उन्हाळ्यात पुरी व्हायची नाही. पाऊस आला की काम थांबायचं, पुढच्या उन्हाळ्यात साचलेला गाळ उपसून पुन्हा सुरू. पाणी लागलं की बांधणी. आमच्या नगर जिल्ह्यात हे काम वडार मंडळींनी केलं. त्यांच्या हातची चिरेबंदी बांधणी पाहिली की मी अजूनही थांबतो.

ती बांधणी उभी कशी राहते, ते समजून घेण्यासारखं आहे. माती चारी बाजूंनी विहिरीला आत ढकलत असते. बांधकाम गोल असल्यामुळे प्रत्येक दगड शेजारच्या दोन दगडांत अडकलेला असतो, आणि माती जितकी दाबेल तितके ते एकमेकांना घट्ट धरतात. कमान आडवी करून जमिनीत ठेवावी तसा हा प्रकार. म्हणून चुन्याचा कणही न वापरता नुसत्या कोरड्या दगडांनी बांधलेल्या विहिरी पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत. पण एक दगड निसटला की कडं तुटतं. त्याच्या मागची माती पाझरू लागते, मागे पोकळी तयार होते, मग वरचा दगड खाली सरकतो.

जमिनीच्या वरचा कठडा तर या कड्यातही नसतो. त्याला दाबून धरायला माती नाही. तो नुसता आपल्या पायावर उभा असतो, आणि पाया ज्या मातीत आहे तीच विहिरीत उतरायला टपलेली असते.

मोट चालायची तेव्हा हे सगळं रोज कुणाच्या तरी डोळ्यांखालून जायचं. मोटकरी पहाटे विहिरीत वाकून पाहायचा. थारोळ्याचा दगड हलला तर दुपारपर्यंत कळायचं. चैत्र-वैशाखात पाणी तळाला गेलं की गाळ काढायला माणसं उतरायची आणि वर येऊन सांगायची, उगवतीच्या बाजूला दोन चिरे फुगलेत. मग ते बसवले जायचे. विहीर वापरात होती, म्हणून तिची देखरेख आपोआप होत होती.

मग इंजिनं आली, विजेच्या मोटारी आल्या. घरातून बटण दाबलं की पाणी येऊ लागलं आणि विहिरीकडे जाण्याचं कारण कमी झालं. बोअर आल्यावर तेही उरलं नाही. कठड्याच्या सांध्यात पाखरांनी टाकलेल्या बीपासून पिंपळ उगवला. पहिल्या वर्षी तो दोन बोटांचा असतो, तेव्हा उपटला तर मुळासकट निघतो. तेव्हा कुणी उपटत नाही. दहा वर्षांनी त्याची मुळं मनगटाएवढी होऊन दगड अलग करतात आणि मग तोडायला हात धजत नाहीत, कारण पिंपळ आहे.

काही विहिरींवर लोखंडी गर्डर टाकून लाद्या किंवा काँक्रीटचा स्लॅब घालण्याची पद्धत आली. पोरंबाळं पडू नयेत हाच त्यामागचा हेतू. पण स्लॅबची सळई खालून कुजते. विहिरीतली दमट हवा तिला रात्रंदिवस लागत राहते; लोखंड गंजलं की फुगतं, फुगलं की काँक्रीटचे पापुद्रे सुटून पाण्यात पडतात. वरून पाहणाऱ्याला कोबा जसाच्या तसा दिसतो. त्यावर वाळवणं घालतात, पत्ते खेळतात. २०२२ च्या १६ फेब्रुवारीला रात्री उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात लग्नघरच्या बायका हळदीच्या विधीसाठी अशाच झाकलेल्या जुन्या विहिरीवर जमल्या होत्या. १३ बायका-मुली गेल्या. २०२३ च्या रामनवमीला, ३० मार्चला, होळकरांच्या इंदूरमध्ये एका देवळात हवन चाललं होतं. पायाखाली बारव आहे हे तिथे बसलेल्या कितीतरी जणांना ठाऊकही नव्हतं. लादी खचली आणि ३६ माणसं मेली. विहीर झाकणं आणि विहीर बुजवणं यांत किती अंतर आहे, हे या दोन तारखांना दिसलं.

त्या पावसाळ्यात

जुलैचा मध्य म्हणजे पेरण्या उरकलेल्या, विदिशाकडे सोयाबीन वर आलेलं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. त्या भेगांतून पावसाचं पाणी खोल उतरतं. माती फुगते, जड होते आणि तिची पकड सैल होते. विहिरीभोवतीच्या मातीला तर पाणी मुरायला जास्तच वाव असतो, कारण तिथली जमीन मूळची नसते. खणताना काढलेला मुरूम नि माती बांधणीच्या मागे पुन्हा भरलेली असते. ती कधीच पूर्ववत घट्ट होत नाही.

म्हणजे जो काठ मे महिन्यात दहा माणसांना पेलतो, तो जुलैत पेलेलच असं नाही. आणि विहिरीवर माणसं गोळा व्हायची वेळ बहुधा पावसाळ्यातच येते, कारण पडणाऱ्याला बुडवण्याइतकं पाणी तेव्हाच असतं.

गुरुवार, १५ जुलै २०२१. संध्याकाळी सहाच्या सुमारास

आषाढी एकादशी पाच दिवसांवर आली होती. लाल पठारमध्ये एक शाळकरी वयाचा मुलगा विहिरीत पडला. विहिरीत २० फुटांच्या आसपास पाणी होतं, म्हणजे काठापासून पाण्यापर्यंत सुमारे ३० फूट.

एवढ्या उंचीवरून पाण्यापर्यंत पोचायला दीड सेकंदही लागत नाही. पाण्यावर आदळताना वेग ताशी ४५ किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. वाटेत दगडाचा कोपरा, जुन्या पाइपाचा तुकडा, तुटलेली पायरी असेल तर माणूस पाण्यात पडण्याआधीच जखमी होतो. मोटार असेल आणि तिची केबल उघडी असेल, तर पाण्यात वीजही उतरलेली असू शकते.

बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो, हे आपल्याला सिनेमाने शिकवलं. खरं बुडणं बहुतेक वेळा आवाज न करता होतं. तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्यात श्वास घ्यायचा की हाक मारायची, आणि शरीर श्वास निवडतं. पोहता न येणाऱ्याकडे असा मिनिटभराचाच अवधी असतो, कित्येकदा त्याहून कमी. पाण्याखाली गेल्यावर चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते.

म्हणून विहिरीच्या अपघातात खरी मदत एकच असते, काठावर आधीपासून ठेवलेली. दोराला बांधलेला, झाकण घट्ट लावलेला २० लिटरचा रिकामा कॅन माणसाचं डोकं पाण्यावर धरून ठेवायला पुरतो. ट्रॅक्टरच्या टायरची हवा भरलेली ट्यूब तर दोघांना पुरते. दोर कुणाच्या तरी माळ्यावर आहे, ट्यूब पंक्चरवाल्याकडे आहे, असं असेल तर तोवर ती मिनिटं निघून गेलेली असतात.

त्यानंतर

हाक गेली. गाव धावलं.

या धावण्याबद्दल मला नीट लिहायचं आहे, कारण पुढच्या बातम्यांत आणि चर्चेत त्याला ‘बघ्यांची गर्दी’ म्हटलं गेलं. खेड्यात पोर विहिरीत पडलं की धावणारे बघे नसतात. त्यात त्याचा चुलता असतो, शेजारी असतो, भाऊबंदकीमुळे बोलणं टाकलेला भाऊही असतो. चहा सांडून, गुरं सोडून, अनवाणी आलेली माणसं असतात ती. त्यांतला प्रत्येक जण आत पाहायला पुढे सरकतो, कारण पाहिल्याशिवाय काय करायचं ते कळणार नाही असं त्याला वाटतं. आणि नेमकी जिथून मूल पडलं त्याच बाजूला सगळे जमतात.

अशा वेळी ‘मागे व्हा’ म्हणणारा माणूस निर्दय वाटतो. गावात हे म्हणण्याचा अधिकार कुणाला, हेही ठरलेलं नसतं. पाटलाचा काळ गेला, आणि सरपंच स्वतःच काठावर उभा असतो.

दिवेलागण

जुलैच्या मध्यावर त्या भागात सूर्य सातनंतर मावळतो. विहिरीत अंधार त्याच्या कितीतरी आधी होतो.

आता हिशेब करू. तीस माणसं, प्रत्येकी सरासरी ५५ किलो धरली तरी सोळा-सतरा क्विंटल होतात. सोयाबीनची सतरा पोती कुणी जुन्या विहिरीच्या काठावर एका बाजूला थप्पी लावून ठेवेल का? शेतकरी ठेवणार नाही. त्याला पोत्याचं वजन ठाऊक असतं. माणसांच्या जमावाचं वजन मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. शिवाय पोती हलत नाहीत. माणसं ढकलली जातात, वाकतात, कठड्यावर हात टेकून भार देतात, दोर ओढताना पाय रोवून जोर लावतात. तो सगळा जोर काठाला आडवा बसतो, आणि जुनं बांधकाम उभ्या भारापेक्षा आडव्या धक्क्याला लवकर हार मानतं.

मुलाला काढायचे प्रयत्न चालू असताना काठाचं बांधकाम माणसांसकट आत गेलं. तीसच्या आसपास माणसं पाण्यात पडली. त्यांच्यावर दगड, विटा, माती.

इथे मला थांबावंसं वाटतं. आधी एक जण पाण्यात होता आणि अख्खं गाव वर होतं. आता गावातले किती आत आणि किती बाहेर, हे बाहेरच्यांना सांगता येत नव्हतं. जे बाहेर उरले त्यांच्या पायाखालची जमीनही त्याच मातीची होती.

दुसरी विहीर, दुसरी तारीख: वाकडी, ९ एप्रिल २०२४

लाल पठारचा घटनाक्रम मध्येच सोडून माझ्या जिल्ह्यात येतो. ही विहीर वेगळी होती, पण माणसं गेली ती त्याच कारणाने, आत पडलेल्याला काढायला धावल्यामुळे.

गुढीपाडव्याचा दिवस. नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात एक पडीक विहीर होती आणि तिचा वापर गोबरगॅसच्या खड्ड्यासारखा होत होता. आत शेणाचा काला. संध्याकाळी त्यात एक मांजर पडलं. त्याला काढायला एक जण उतरला. तो वर आला नाही म्हणून दुसरा गेला. दुसऱ्यासाठी तिसरा. असे सहा जण एकामागून एक आत गेले. पाच मेले. वाचला तो एकच, आणि त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता.

शेण किंवा पालापाचोळा हवेवाचून कुजतो तेव्हा मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतात. शेवटचा वायू सगळ्यांत घातक. अगदी थोडा असताना त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो, म्हणून आपल्याला वाटतं की वास आला तर कळेल. पण दहा लाख भाग हवेत तो शंभर भागांच्या आसपास गेला की काही मिनिटांत नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. वास थांबला म्हणजे वायू गेला, असं आतल्या माणसाला वाटतं. हजार भागांच्या घरात एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. ओरडून सांगायलाही उसंत मिळत नाही.

म्हणून वरच्याला दिसतं ते एवढंच की माणूस उतरला आणि बसला. पाय घसरला असेल, चक्कर आली असेल, गाळात रुतला असेल. या सगळ्यांवर उपाय एकच सुचतो, आपण उतरून हात द्यायचा. वरचा माणूस मूर्ख नसतो. आपलं माणूस सहा हातांवर पडलेलं दिसत असताना हवेवर संशय घेणं कुणालाही कठीण आहे.

जुनी माणसं पडक्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहायची. विझला तर उतरायचं नाही. ती परीक्षा अर्धीच खरी आहे. हवेत प्राणवायू सोळा-सतरा टक्क्यांच्या खाली गेला की ज्योत विझते, तेवढं बरोबर. पण माणसाला मारण्याइतका हायड्रोजन सल्फाइड असताना ज्योत खुशाल जळत राहते, आणि मिथेन असेल तर कंदिलानेच भडका उडू शकतो. शेण, मळी किंवा सांडपाणी गेलेल्या विहिरीत कंदिलावर विसंबू नये. तिथे हवेची नळी आणि मुखवटा असलेल्या अग्निशमन दलाच्या माणसानेच उतरावं. विहिरीत डिझेल इंजिन उतरवून पाणी उपसणाऱ्यांचाही असाच घात होतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड खाली साचतो आणि त्याला तर वासही नाही.

दोर कमरेला बांधल्याने हवा शुद्ध होत नाही. फक्त आतल्याची शुद्ध हरपली तर त्याला काढण्यासाठी दुसऱ्याला उतरावं लागत नाही. सहावा माणूस वाचला. पहिल्याच्या कमरेला दोर असता तर पुढचे कुणी उतरलेच नसते.

१५ जुलै, रात्री अकराच्या सुमारास

पुन्हा लाल पठार. पोलीस आले होते, प्रशासन हललं होतं, भोपाळहून आपत्ती दलं निघाली होती. मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान त्या दिवशी विदिशातच एका लग्नकार्यात होते. त्यांनी तिथूनच मदतकार्याकडे लक्ष घातलं.

रात्री अकराच्या सुमारास बचावकामासाठी आणलेला एक ट्रॅक्टर घसरून विहिरीत गेला. त्याच्याबरोबर चार पोलीसही. त्यांना बाहेर काढण्यात आलं.

बातमीत ही एक ओळ असते आणि वाचणारा पुढे जातो. मला ती ओळ सबंध घटनेतली सगळ्यांत बोलकी वाटते. तोवर काठ एकदा ढासळून झाला होता. आत किती माणसं आहेत याची सगळ्यांना धास्ती होती. तरीही दोन टनांच्या आसपास वजनाचं यंत्र त्याच मातीवर आणलं गेलं. कुणाच्या निष्काळजीपणाने असं मी म्हणणार नाही. ओढायला ताकद हवी होती, उजेड हवा होता, आणि ट्रॅक्टर हे गावाला ठाऊक असलेलं सगळ्यांत मोठं बळ. विहीर जितकी खोल तितकं लांब हटूनच जड काही उभं करावं, हे सांगणारा कुणी तिथे वेळेवर पोचला नव्हता, एवढंच. पन्नास फुटांच्या विहिरीला पन्नास फूट. ढासळणारी माती तळापासून तिरकी वर येत मोठा घास घेते. तिची हद्द कठड्यावर संपत नाही.

जुन्नर-शिरूरकडे उसातले बिबटे विहिरीत पडतात. वनखात्याची माणसं येतात, चार टोकांना दोर बांधून बाज किंवा पिंजरा खाली सोडतात, बिबट्या त्यावर चढतो, वर येतो. हे मी पुष्कळदा वाचलं आणि एकदा पाहिलं. तिथे कुणीही आत उडी घेत नाही, कारण बिबट्याची भीती असते. त्या भीतीमुळे वेळ मिळतो, आणि त्या वेळात कुणाला तरी बाज सुचते. माणूस पडला तरी तीच बाज, तेच चार दोर, आणि आडवं पडून काठावरून बोलणारा एकच माणूस पुरेसा असतो. उभ्या माणसाचा भार दोन पावलांवर येतो; शिडी किंवा फळी टाकून तिच्यावर पालथं पडलेल्याचा भार पसरतो. बाकीच्यांनी लांब राहून दोर धरायचा, मोटारीचा फ्यूज काढायचा, ११२ आणि १०८ ला फोन करायचा, रस्त्यावर उभं राहून गाडीला वाट दाखवायची. धावून आलेल्या प्रत्येकाला काम आहे. फक्त ते काठावर नाही.

शुक्रवार, १६ जुलै

रात्रभर आणि दिवसभर काम चाललं. पावसाळ्यात जिवंत झऱ्यांच्या विहिरीतलं पाणी उपसलं की झरे ते पुन्हा भरत राहतात. गाळ आणि दगड काढावेत तर बाजू आणखी सुटण्याचं भय. सुमारे चोवीस तासांनी मोहीम थांबली. १९ जणांना जिवंत बाहेर काढलं गेलं. ११ मृतदेह मिळाले, ज्याच्यासाठी सगळे धावले तो मुलगा त्यांतच होता. मृतांच्या कुटुंबांना पाच लाख आणि जखमींना पन्नास हजार रुपयांची मदत राज्य सरकारने जाहीर केली. चौकशीचा आदेश निघाला.

उघड्या बोअरमध्ये मुलं पडण्याचे प्रकार वाढले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. भोवती तारेचं कुंपण, फलक, केसिंगभोवती ओटा, तोंडावर घट्ट झाकण, आणि सोडून दिलेलं बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती-वाळू-दगडांनी भरणं. त्या सूचना बोअरच्या आहेत. हातांनी खणलेल्या जुन्या विहिरीला तोंड मोठं असल्यामुळे ती सगळ्यांना दिसते, आणि दिसते म्हणून धोक्याची वाटत नाही. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते. तिचा कठडा शाबूत आहे का, हा रकाना मी तरी पाहिलेला नाही. रोजगार हमीतून नव्या सिंचन विहिरीला २०२२ मध्ये चार लाखांपर्यंत अनुदान मिळू लागलं, ते चांगलंच झालं. त्याच कागदावर ‘तुमची जुनी विहीर कुठे आहे आणि तिचं काय करणार’ एवढा एक प्रश्न घालता आला असता.

आमची विहीर

आमच्या मळ्यात एक आहे. आजोबांनी खणलेली, मी लहानपणी जिच्यात पोहायला शिकलो ती. पाठीला सुकडी बांधून चुलत्याने मला तिच्यात लोटलं होतं. २००३ च्या दुष्काळात बोअर घेतलं आणि त्यानंतर तिच्याकडे पाठ फिरली ती फिरलीच. पडलेला कठडा, मधल्या पायऱ्या गायब, मावळतीच्या बाजूला पिंपळ.

वाकडीची बातमी आली त्या आठवड्यात मी आणि काका तिच्याकडे गेलो. काकांचं वय सत्याहत्तर. काठापासून वीस पावलांवर मी त्यांना थांबायला सांगितलं. ते थांबले नाहीत. म्हणाले, ‘‘माझ्या बापानं खणलीये ती. मला काय करती?’’ मी त्यांचा दंड धरला. आयुष्यात पहिल्यांदा धरला असेन. मग आम्ही दोघं बाभळीखाली बसलो आणि तिथूनच तिचं काय करायचं ते ठरवलं.

बुजवायची तर कचरा टाकून नाही. तिच्या तळाचे झरे गावच्या पाण्याला जोडलेले आहेत. आपण टाकलेली घाण चार शेतं सोडून कुणाच्या तरी हंड्यात निघेल. आधी पाणी उपसायचं, आत पडलेलं लाकूड-प्लॅस्टिक काढायचं, तेही वरून, माणूस न उतरवता. मग खाली स्वच्छ दगड-वाळू, वर मुरूम आणि शेवटी चिकणमातीचा दाबलेला थर, मधोमध थोडा उंच, म्हणजे पावसाचं पाणी तिथे साचणार नाही. दर पावसाळ्यानंतर तो खचेल. दोन-तीन वर्षं भर घालत राहावी लागेल. काकांना बुजवणं मान्य नव्हतं. त्यांना पुन्हा बांधून हवी होती: नवी बांधणी, कमरेच्या वर कठडा, तोंडावर जाड लोखंडी जाळी. आमच्यात दोन महिने वाद झाला. शेवटी त्यांचं ऐकलं. वापरात असलेल्या विहिरीकडे रोज कुणीतरी पाहतं, हा त्यांचा मुद्दा मला खोडता आला नाही.

बांधणारा गवंडी चैत्रात येतो म्हणालाय, पाणी तळाला गेल्यावर. तोवर भोवती तीस पावलांवर काटेरी तार ओढली आहे. तारेच्या बाहेर बाभळीला चाळीस हात सोल गुंडाळून ठेवलाय, त्याच्या टोकाला ट्यूब. दर रविवारी मुलगा तिच्यात हवा भरून येतो.